विश्लेषण : आरोग्य योजनेचा खरा फायदा किती? हे मोजणाऱ्या आरोग्य अर्थतज्ज्ञाचे काम कसे चालते?

सिकलसेलची तपासणी शिबिरे, नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, आशा सेविकांच्या गृहभेटी, आरोग्य विमा... भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या साऱ्या योजना एकाच वेळी सुरू असतात आणि त्यांचा पैसा शेवटी एकाच सरकारी तिजोरीतून येतो. यातली कोणती योजना खरोखर जीव वाचवते, कोणती फक्त अहवालात चांगली दिसते आणि पुढचा रुपया कुठे घालावा, हे सांगण्याचे काम आरोग्य अर्थतज्ज्ञ करतात. दवाखान्यात न दिसणाऱ्या, पण दवाखान्यात काय असेल हे ठरवण्यात वाटा असलेल्या या पेशाविषयी...

आरोग्य अर्थतज्ज्ञ नेमके काय करतो?

डॉक्टर समोरच्या रुग्णाला बरे करतो. लेखापाल मंजूर निधी नियमानुसार खर्च झाला का, ते पाहतो. आरोग्य अर्थतज्ज्ञ तिसरेच प्रश्न विचारतो. या खर्चामुळे किती लोकांचे आरोग्य सुधारले? योजना नसती तर त्यांचे काय झाले असते? आणि तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर जास्त जीव वाचले असते का?

शेवटचा प्रश्न कठोर वाटतो, पण तो टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके. एका तालुक्याला नवी रुग्णवाहिका दिली, तर त्या पैशातून दुसरीकडे नेमता आली असती ती परिचारिका राहून जाते. या राहून गेलेल्या फायद्याला अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ म्हणतात. कोणत्याही कोटेशनमध्ये तो लिहिलेला नसतो. तो शोधून मांडणे हे या पेशाचे मूळ काम.

या पेशात येण्याचा मार्ग कोणता?

बहुतेक जण दोन वाटांनी येतात. काही जण अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकून आरोग्याकडे वळतात, तर काही डॉक्टर सामुदायिक आरोग्याचा अभ्यास करताना खर्चाच्या प्रश्नाकडे येतात. महाराष्ट्रात यासाठी जुन्या संस्था आहेत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ सालची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था राबवते. त्या सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ दरम्यान झाली आणि तीत भंडाऱ्यासह प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र आकडे मिळाले.

कारकिर्दीचा प्रवास साधारणपणे तीन टप्प्यांत होतो. सुरुवातीची वर्षे गावोगावच्या सर्वेक्षणात जातात. मग योजना असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना करण्याचे काम येते. पुढे अनुभव वाढला की, सरकारने काय विकत घ्यावे आणि काय राबवावे याच्या शिफारशी करण्याची जबाबदारी येते. प्रत्येक टप्प्यावर चूक होण्याची जागा वेगळी असते.

पहिला टप्पा : घराचा खर्च कसा मोजतात?

सरकारी आरोग्यसेवा मोफत असेल, तर रुग्णाचा खर्च शून्य असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात तसे नसते. पवनी किंवा लाखांदूरच्या गावातून नागपूरला उपचारासाठी जायचे, तर एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचे जेवण, बाहेरून आणलेले औषध आणि तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी हे सारे घराच्या खिशातून जाते. रोवणीच्या दिवसांत आजारपण आले, तर हंगामातली हक्काची मजुरीच हातची जाते.

हा खर्च घरोघरी जाऊन मोजण्याचा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला. डॉ. नोशीर अंतिया यांनी स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेसाठी रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांचे सर्वेक्षण केले. तो अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकार आरोग्यावर जितके खर्च करते, त्याहून कितीतरी जास्त पैसा लोक स्वतःच्या खिशातून खर्च करतात, हे त्यातून जिल्हा पातळीवर आकड्यांनिशी दिसले.

आज हाच हिशेब देशपातळीवर ‘राष्ट्रीय आरोग्य लेखा’ या नावाने होतो. २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के वाटा लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आल्याचे सरकारी आकडेवारी सांगते. सर्वेक्षण करणाऱ्याची कसोटी अशी, की प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलते. ‘गेल्या वर्षी आजारपणावर किती खर्च झाला?’ असे विचारले, तर एखादा ढोबळ आकडा सांगितला जातो. ‘शेवटच्या तापात गोळ्या कुठून आणल्या, कशाने गेलात, कामाचे किती दिवस बुडाले?’ असे विचारले, की खरा खर्च बाहेर येतो.

दुसरा टप्पा : ‘फरक पडला’ हे कसे ठरवतात?

समजा, धानपट्ट्यातील गावांत सप्टेंबरमध्ये डासप्रतिबंधक मोहीम राबवली. जानेवारीत तापाचे रुग्ण निम्म्यावर आले. मोहीम यशस्वी झाली का? सांगता येत नाही. बांध्यांतले पाणी ओसरले आणि थंडी पडली की डास तसेही कमी होतात. मोहीम नसती, तरी आकडा खाली आलाच असता.

म्हणूनच फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना अर्थतज्ज्ञ पुरेशी मानत नाही. त्याला तशाच दुसऱ्या गावांची जोड लागते. पाऊस तोच, पीक तेच, फक्त मोहीम नाही. दोन्हीकडचा बदल शेजारी ठेवला, की मोहिमेचा वाटा वेगळा काढता येतो. कोणत्या गावांना योजना आधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर तुलना सर्वांत भक्कम होते. नाहीतर बऱ्याचदा आधीच पुढारलेली, उत्साही सरपंच असलेली गावे निवडली जातात आणि त्यांच्या यशाचे श्रेय योजनेच्या नावावर जमा होते.

गडचिरोलीच्या प्रयोगाने काय दाखवले?

अशा तुलनेचे जगभर गाजलेले उदाहरण भंडाऱ्याच्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास अडखळला तर मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि प्रतिजैविक देणे ही कामे तिने करायची होती.

सुरुवातीला दोन्ही भागांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६० बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हे प्रमाण ५९.६ वरच राहिले. प्रयोगाच्या गावांत ते २५.५ पर्यंत उतरले. निव्वळ घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तुलनेची ४७ गावे नसती, तर या आकड्यांवर सहज शंका घेता आली असती. रस्ते झाले असतील, पीकपाणी बरे आले असेल, म्हणून मृत्यू कमी झाले असतील, असे कोणीही म्हणू शकले असते. त्या गावांत दर जागचा हलला नाही, हाच पुरावा ठरला.

खर्चाचा हिशेब कसा मांडला?

या अभ्यासाने केवळ मृत्युदर सांगितला नाही, खर्चही सांगितला. प्रत्येक बाळामागे ५.३ अमेरिकी डॉलर खर्च आला आणि १९९६ ते १९९८ या काळात सरासरी १८ बाळांची काळजी घेतल्यावर एक मृत्यू टळला. साधा गुणाकार केला, तर एक मृत्यू टाळण्यामागे सुमारे ९५ डॉलर. दोन आकडे एकत्र आले, की धोरण ठरवणाऱ्याला दुसऱ्या पर्यायांशी तुलना करता येते.

पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा सेविकांमार्फत गृहआधारित नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर नेला. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. घरी बाळंतपण झाले असेल, तर पहिल्या दिवसाची भेटही धरली जाते. या भेटी पूर्ण केल्याबद्दल तिला २५० रुपये मिळतात.

इथे अर्थतज्ज्ञ थांबून एक प्रश्न विचारतो. ३९ गावांत कसून प्रशिक्षण आणि सततची देखरेख होती. लाखो आशा सेविकांच्या यंत्रणेत ती तेवढीच राहते का? भेट झाल्याची सही आहे, पण वजनकाटा चालू होता का? प्रयोगातला परिणाम आणि देशभर राबवतानाचा परिणाम एकच असेल असे गृहीत धरले, तर हिशेब चुकतो.

योजना अपयशी ठरली, की राबवलीच नाही?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रयोगात आहे. २००४ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नांदेड आणि नंदुरबार या जिल्ह्यांत ग्रामस्वच्छतेचा मुलांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हे तपासायचे ठरले. प्रत्येक जिल्ह्यात ६० गावे घेतली. त्यांतील निम्मी गावे चिठ्ठीने निवडून तिथे आधी मोहीम राबवायची, उरलेली गावे तुलनेला ठेवायची, अशी आखणी होती.

जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स या अर्थतज्ज्ञांनी नंतर या आकड्यांचा अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध २०१६ मध्ये आरोग्य अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. नगर जिल्ह्यात मोहीम झालेल्या गावांत मुलांची सरासरी उंची तुलनेच्या गावांपेक्षा मोजता येण्याइतकी वाढली होती. उरलेल्या दोन जिल्ह्यांत मात्र मोहीम ठरल्याप्रमाणे राबवलीच गेली नव्हती. तिन्ही जिल्ह्यांची सरासरी काढून ‘परिणाम किरकोळ’ असा शेरा मारणे सोपे होते. पण तो शेरा स्वच्छतेबद्दल नसता, तिच्या अंमलबजावणीबद्दल असता.

दुसरीकडे सुमीत पाटील आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातील ८० गावांत संपूर्ण स्वच्छता अभियानाचे असेच मूल्यमापन केले. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे शौचालये वाढली होती, पण उघड्यावर जाणे त्या मानाने कमी झाले नव्हते. मुलांच्या आरोग्यात फरक आढळला नाही. बांधकाम मोजले असते तर योजना यशस्वी ठरली असती. वापर आणि आजार मोजले, म्हणून खरी स्थिती कळली. नकोसा निष्कर्षही तितक्याच स्पष्टपणे लिहिणे हा या पेशातला सर्वांत अवघड भाग आहे. कारण मूल्यमापनाचे पैसे बऱ्याचदा योजना चालवणाऱ्यांकडूनच येतात.

विमा योजनेची तुलना कशी करता येते?

प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. मग योजना कशी पसरली, याचाच उपयोग केला जातो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली होता, भंडारा नव्हता. भंडाऱ्यासह उर्वरित राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले.

मधल्या सव्वा वर्षात शेजारच्या जिल्ह्यांपैकी एकाकडे विमा होता, दुसऱ्याकडे नव्हता. त्या काळात दोन्हीकडे शस्त्रक्रियांचे प्रमाण, कर्ज आणि खिशातला खर्च कसा बदलला, हे पाहून योजनेच्या परिणामाचा अंदाज बांधता येतो. पण सावधगिरी लागते. पहिले आठ जिल्हे चिठ्ठीने निवडलेले नव्हते. त्यांत मुंबई होती आणि गडचिरोलीही. म्हणून आधीच्या वर्षांत दोन्हीकडचा कल सारखा होता का, हे आधी तपासावे लागते.

तिसरा टप्पा : निर्णयाच्या टेबलावर काय होते?

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागांतर्गत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे. एखादे यंत्र, चाचणी, लस किंवा योजना सरकारने स्वीकारावी का, यावर ती अभ्यास करवून घेते. देशभरातील संस्थांमध्ये तिची केंद्रे आहेत. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत हे काम चालते.

इथे वेगवेगळ्या आजारांची तुलना करायची असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि न्यूमोनियाची लस यांना एका मापात कसे तोलणार? त्यासाठी ‘गुणवत्तेसह आयुर्वर्षे’ हे एकक वापरतात. पूर्ण आरोग्यात काढलेले एक वर्ष म्हणजे १. अंथरुणाला खिळून किंवा सततच्या वेदनेत काढलेले वर्ष त्याहून कमी. असे एक वर्ष मिळवायला किती रुपये लागतात, हे काढले जाते. देशाच्या दरडोई उत्पादनाइतक्या खर्चात ते मिळत असेल, तर योजना सर्वसाधारणपणे किफायतशीर मानली जाते. ही मर्यादा म्हणजे माणसाच्या जिवाची किंमत नव्हे. उपलब्ध पैशात जास्तीत जास्त आयुष्य कसे वाचेल, हे पाहण्याची ती पट्टी आहे.

आणखी एक नियम सामान्य वाचकाला चकित करतो. भविष्यातला फायदा आजच्या तुलनेत कमी मोजला जातो. भारतीय पद्धतीत हा दर वर्षाला तीन टक्के धरतात. म्हणजे २० वर्षांनी मिळणारा १०० रुपयांचा फायदा आज सुमारे ५५ रुपयांचाच भरतो. त्यामुळे लगेच गुण देणारा उपचार कागदावर वरचढ ठरतो आणि पिढीनंतर फळ देणारा प्रतिबंध मागे पडतो.

भंडाऱ्यातील सिकलसेलचा हिशेब कसा होईल?

हा नियम पूर्व विदर्भाला थेट लागू पडतो. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच केली होती. इथे हा आजार आदिवासींबरोबरच अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट आहे.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. वाहकाला सहसा त्रास नसतो. शिबिरातली पहिली साधी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली दुसरी चाचणी लागते.

आता हिशेब पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, १० हजार लोकांची पहिली चाचणी प्रत्येकी ५० रुपयांत झाली. एकूण पाच लाख. त्यात एक हजार जण ‘पॉझिटिव्ह’ आले आणि त्यांत ५० रुग्ण आहेत. सर्वांची दुसरी चाचणी झाली, तर एक रुग्ण शोधण्यामागे शिबिराचा खर्च १० हजार रुपये. निम्मेच लोक दुसऱ्या चाचणीपर्यंत पोहोचले, तर साधारण २५ रुग्ण सापडतील आणि तोच खर्च २० हजारांवर जाईल. चाचणीचा दर तोच, शिबिराचा मंडप तोच. फरक फक्त पाठपुराव्याचा.

आणि रुग्ण सापडला म्हणजे काम संपत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळाल्या, लसी वेळेवर दिल्या, वेदना उठल्यावर जवळच्या केंद्रात उपचार झाला, तरच आयुष्याची वर्षे वाढतात. केवळ ‘इतक्या लाख तपासण्या पूर्ण’ हा आकडा अर्थतज्ज्ञाच्या लेखी खर्चाच्या बाजूला बसतो, फायद्याच्या नाही.

मोजणीतून काय सुटते?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षाला आग लागली. १० बाळांचा जीव गेला, सात बाळांना बाहेर काढता आले. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

अशा कक्षांची गरज वादातीत आहे. कमी वजनाच्या, श्वासाचा त्रास असलेल्या सगळ्याच बाळांना घरच्या काळजीवर वाचवता येत नाही. आशाताईची भेट आणि हा कक्ष एकमेकांना पूरक आहेत. प्रश्न खर्चाच्या यादीचा आहे. ऊब देणाऱ्या यंत्राची खरेदी किंमत त्याच्या आयुर्मानावर विभागून दरवर्षीचा खर्च काढतात. त्यात परिचारिकांचे वेतन, औषधे आणि वीज मिळवतात. पण वीजजोडणीची तपासणी, यंत्राची देखभाल, आग विझवण्याची साधने, रात्रपाळीचे पुरेसे मनुष्यबळ आणि सरावाचे दिवस हे रकाने रिकामे राहिले, तर सेवा आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते. स्वस्त दिसलेली सेवा त्याच तुटपुंज्या दरात पुढच्या जिल्ह्यात उभी राहते. चांगला अर्थतज्ज्ञ म्हणूनच विचारतो, की ही सेवा सुरक्षितपणे चालवायला वर्षाला किती लागतील. सुरू करायला किती लागले, एवढ्यावर तो थांबत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचाही समावेश झाला. त्यामुळे हा प्रश्न जिल्ह्यासाठी जुना झालेला नाही.

या पद्धतीवर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप समतेचा. जंगलपट्ट्यातल्या टोल्यावर लस पोहोचवायला शहरापेक्षा जास्त खर्च येतो. केवळ ‘एका रुपयात जास्तीत जास्त आरोग्य’ हाच निकष लावला, तर दूरच्या टोल्याचा क्रमांक कायम शेवटी लागेल. म्हणून आता अनेक अभ्यास सरासरी फायद्याबरोबर तो कोणाला मिळाला, हेही वेगळे मांडतात.

दुसरा आक्षेप असा, की जे मोजता येते तेच महत्त्वाचे ठरते. बाळ दगावल्यावर आईवर होणारा आघात, सिकलसेलचे कार्ड दाखवल्यावर मोडलेली सोयरीक या गोष्टी कोष्टकात नीट बसत नाहीत. तिसरा आक्षेप वेळेचा. मूल्यमापनाला वर्षे लागतात, सरकारी निर्णय मात्र अर्थसंकल्पाच्या तारखेला होतात. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. त्यावर उपाय मोजणी सोडून देणे हा नसून, काय मोजले नाही हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिणे हा आहे.

सामान्य नागरिकाला याचा उपयोग काय?

ग्रामसभेत किंवा जिल्हा परिषदेत आरोग्य योजनेचे आकडे वाचले जातात, तेव्हा चार प्रश्न कोणालाही विचारता येतात. हा आकडा वाटपाचा आहे की परिणामाचा? योजना नसलेल्या गावांत याच काळात काय झाले? रुग्णाच्या घराला किती खर्च आला? आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद कुठे आहे? या प्रश्नांसाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्यांची उत्तरे मागितली गेली, तर ती तयार ठेवणे यंत्रणेला भाग पडते.